आधी चाक हललं

४ मार्च

भिंगरी,

आशीर्वाद, खुशाली सगळं नंतर. आधी हे सांग, तू लोकांना काय सांगत सुटली आहेस?

दचकलीस ना? मीच आहे. पाकिटावरचं अक्षर बघूनच ओळखलं असशील. बाबा म्हणायचे, हिला लिहायला बसवलं की मुंग्यांना शाई पाजून कागदावर सोडल्यासारखं दिसतं. सहा वर्षांनी पहिलं पत्र आणि तेही भांडणाचं, असं म्हणशील. म्हण.

काल दुकानात दातांचे डॉक्टर आले होते. गेल्या वर्षी त्यांनी माझ्याकडून हलकी चाकं बांधून नेली. तू राहतेस त्याच गावचे आहेत हे तेव्हा मला माहीत नव्हतं. बाबांची वही मी अजून चालू ठेवली आहे. गिऱ्हाइकाने हजार किलोमीटर चाकं चालवायची, मग येऊन वहीत अनुभव लिहायचा, आणि गोडगोड लिहायचं नाही. दोन्ही नियम तसेच आहेत. परवाच एका पहिलवान गिऱ्हाइकाने लिहिलं, "चाकं उत्तम. पण वजन खोटं सांगू नये, ताई काट्यावर उभं करतात." नव्वद सांगत होता, काटा एकशे सातवर गेला. मी म्हटलं, बाबा रे, मला फसवशील, स्पोकना कसा फसवणार?

तर डॉक्टर. त्यांनी पानभर लिहिलं. "चढावर चाकं खाली आहेत की नाहीत तेच कळत नाही. आडव्या वाऱ्यात पुढचं चाक जरा ओढ खातं, पण सवय होते. उतारावर..." इथे पेन थांबवून ते मला म्हणाले, "उतरायचं कसं ते आमच्या गटात एक बाई शिकवतात. पण गंमत बघा, त्या स्वतः उतरतच नाहीत. चढ सगळ्यांच्या आधी चढतात, माथ्यावर सायकलवरून उतरतात आणि सायकल हातात धरून चालत खाली येतात. आम्ही खाली अर्धा अर्धा तास वाट बघत बसतो."

मी विचारलं, का म्हणून?

"त्या म्हणतात, मी एकदा उतारावर घाबरून ब्रेक दाबला. मला वाटलं होतं, आधी चाक हललं. पण तसं नसतं. माणूस आधी घाबरतो आणि मग चाकाला नावं ठेवतो. डावं कोपर वाकडंच राहिलंय त्यांचं."

माझ्या हातातली स्पोक आवळायची चावी खाली पडली. डॉक्टरांनी वाकून उचलून दिली. मी त्यांच्याकडून तुझा पत्ता काढून घेतला, म्हटलं, चाकांची जाहिरात पाठवायची आहे. मी जन्मात कधी जाहिरात केली नाही हे त्या बिचाऱ्याला कुठे ठाऊक.

कोपर दुखतं का गं थंडीत? चढ सगळ्यांच्या आधी चढतेस हे ऐकून इतकं बरं वाटलं की काय सांगू. पुढचं ऐकून काय वाटलं ते सांगवत नाही.

फोन उचलत नाही म्हणून रागावली असशील. खरं आहे, उचलत नाही. तुझाच असं नाही, कोणाचाच नाही. दुकानावर पाटीच लावली आहे, फोन करू नये, पत्र लिहावं किंवा समक्ष यावं. लोक म्हणतात ताईला शिंगं फुटली.

ते घाबरण्याचं सांगणं बंद कर. का ते विचारू नकोस. मोठ्या बहिणीचं कधीतरी ऐकावं.

तुझी ताई

१९ मार्च

भिंगरी,

पंधरा दिवस झाले. टपालवाला आता लांबूनच मान हलवतो आणि पुढे जातो. मीही लगेच शटर पुसायला घेतल्यासारखं करते, म्हणजे मी काही त्याची वाट बघत नव्हते.

तू कशी राहतेस, तुझ्या खिडकीतून काय दिसतं, काही माहीत नाही मला. माझं तुला सगळं माहीत आहे, कारण इथे काही हललेलं नाही. तेच टेबल, मधोमध तू स्क्रू-ड्रायव्हरने कोरलेला मासा. उजवीकडे चाक अडकवायचं स्टँड. डावीकडे भिंतीवर म्हातारा. डॉक्टरांनी त्या दिवशी विचारलं, हे जुनं चाक कशाला टांगलंय? मी म्हटलं, तो आमचा घरचा म्हातारा आहे, त्याला विचारल्याशिवाय इथून एक चाक बाहेर जात नाही. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. बाबांनी बांधलेलं पहिलं चाक, चाळीस वर्षांत ज्याचा आउट काढून ते एकदाही सरळ करावं लागलं नाही, त्याचा मान त्यांना काय कळणार.

तुला आठवतं का, डाव्या हाताने म्हाताऱ्याचा स्पोक छेडायचा, उजव्या हाताने स्टँडवरच्या नव्या चाकाचा, आणि दोघांचा सूर एक झाला की ताण बरोबर. "मीटर त्याला लागतं ज्याला कान नाहीत," बाबांचं ठरलेलं वाक्य. आणि तू, नऊ वर्षांची, स्टुलावर बसून हनुवटी टेबलावर टेकवायचीस आणि न विचारता ओरडायचीस, "ताई, तेरावा रडतोय!" मी तपासायची तर खरंच तेरावा ढिला. इतका राग यायचा मला! तुझा कान माझ्यापेक्षा चांगला होता गं. बाबांनाही कळलं होतं. पण तुझे पाय एका जागी ठरत नव्हते, म्हणून तुला सायकल मिळाली आणि मला खुर्ची.

मग तू पहिली शर्यत जिंकलीस आणि बक्षिसातून काय आणलंस, तर माझ्यासाठी ताण मोजायचं मीटर. काय नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या माझ्या! "मला बहिरी समजतेस का?" असं म्हणून डबा तसाच खणात टाकला. तुझा चेहरा एवढासा झाला. त्या दिवशी नुसतं "छान आहे" म्हटलं असतं तर माझं काय जात होतं?

आता वापरते बरं का मीटर. रोज, एकेका स्पोकवर. वय झालं म्हण हवं तर.

वहीत गेल्या आठवड्यात शाळेतल्या बाईंनी लिहिलं, "नवरा म्हणायचा हलकी म्हणजे नाजूक. चार हजार किलोमीटर झाले. नवरा नरम पडला, चाकं नाही पडली." मी एकटीच हसले. हसले की अजून डावीकडे बघते, तू बसलेली असशील म्हणून. स्टुलावर हल्ली डबे ठेवते. रिकामं स्टूल बघवत नाही. संध्याकाळी शटर अर्धं ओढलं की तू सायकल खांद्यावर घेऊन खालून वाकून निघायचीस, आणि मी म्हणायची, "मान सांभाळ." कोणी नसतं तरी तोंडात येतं.

तुझी फार आठवण येते, भिंगरी. एवढंच लिहायला बसले होते, बाकी सगळं उगाच.

वहीतलं तुझं पान बाविसावं. वही चाळताना मी एकवीसवरून एकदम तेवीसवर जाते.

ताई

३ एप्रिल

भिंगरी,

तुझं कार्ड मिळालं. ना वर काही, ना खाली सही. एकच ओळ. "मागचं चाक अजून आहे का?"

टपालवाल्याच्या समोर तीनदा वाचलं. त्याने विचारलं, सगळं ठीक ना? मी म्हटलं, माझ्या बहिणीचं आहे. एवढं म्हणताना आवाज फुटला माझा, तो बिचारा घाबरून पाणी आणायला धावला.

आहे. मागचं चाक आहे. पुढच्याचा आठाचा आकडा झाला होता, ते भंगारात गेलं. मागचं पोटमाळ्यावर आहे, चादरीत गुंडाळून. त्याला मी चावी लावलेली नाही. मी नुसतं "सांगू नकोस" म्हटलं आणि तू बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंस. लहानपणापासूनची सवय तुझी.

आता ऐक. हे मी चार वेळा लिहिलं आणि चार वेळा फाडलं. पाचव्यांदा जसं येईल तसं जाऊ दे.

तुझी शर्यतीची चाकं मी बांधली त्याच्या आदल्या महिन्यात मला ताप आला होता. दहा दिवस. तू बाहेरगावी सरावाला होतीस, तुला कळवलं नाही. ताप उतरला, पण उजवा कान भरल्यासारखा राहिला. एक दिवस म्हाताऱ्याचा स्पोक छेडला आणि कोणीतरी हाक मारली म्हणून मान वळवली, तर सूर बदलला. परत छेडला. तोच स्पोक डाव्या कानाला एक सूर, उजव्या कानाला त्याहून चढा. मला वाटलं मला वेड लागलंय. पुढे कानाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, असं होतं, नस बिघडते. उजवा जाणार, डावाही हळूहळू त्याच्यामागे. पण ते फार नंतर. तेव्हा मी कोणाला ताकास तूर लागू दिली नाही. कान गेलेल्या बाईकडून चाकं कोण बांधून घेणार? आणि तुला सांगावं, तर तू म्हणाली असतीस, बघ, मी मीटर आणलं होतं. म्हणाली असतीस का? नसतीस. पण मला तसं वाटलं.

म्हणून मीटरचा डबा खणातच राहिला आणि मी रोजच्यासारखी बसले. डावीकडे म्हातारा, तो मला डाव्या कानाने बरोबर ऐकू आला. उजवीकडे तुझं चाक, ते उजव्या कानाने होतं त्यापेक्षा चढं ऐकू आलं. दोघांचा सूर जुळला असं मला वाटलं तेव्हा तुझं चाक कितीतरी सैल होतं. सरळ होतं गं! केसभर आउट नव्हता, अगदी मधोमध बसत होतं. पण सरळ असणं वेगळं आणि घट्ट असणं वेगळं, हे बाबांनी मला दहाव्या वर्षी शिकवलं होतं. सैल चाक सपाटीवर शहाण्यासारखं वागतं. उताराचं वळण आलं की स्पोक आणखी सुटत जातात, रिम एका बाजूला कलते आणि चाक थरथरायला लागतं.

आणि तू म्हणालीही होतीस. पहिल्या दिवशी गल्लीला चक्कर मारून आलीस आणि म्हणालीस, "किती मऊ चालतात गं!" मी म्हटलं, हलकी चाकं अशीच असतात. तुझा अनुभव मी वहीच्याही आधी ऐकला होता आणि कानाआड केला.

दवाखान्यात तू शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य बोललीस, "ताई, आधी चाक हललं, मग मी ब्रेक दाबला." मी काय म्हटलं तुला पाठ असेल. "माझं चाक हलत नाही. तू घाबरलीस आणि दाबलास." दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन बाविसाव्या पानावर तुझ्या जागी मीच लिहिलं, "उतारावर घाबरून ब्रेक. चाकात दोष नाही." कारण लोक विचारायला येत होते. तेव्हा ते मला खरं वाटत होतं, तुझी शपथ.

चौथ्या दिवशी मोडकी सायकल दुकानात आली. मी मागचं चाक काढून स्टँडला लावलं, स्पोक छेडला, ठीक वाटला. मग स्टँडच्या पलीकडे गेले, डावा कान जवळ नेला आणि परत छेडला. सूर कितीतरी खाली होता. मीटरचा डबा फोडला. गिअरच्या बाजूला काटा शंभराच्या पुढे जायला हवा होता, तो सत्तरवर अडला. पुढचा स्पोक, सत्तर. त्याच्या पुढचा, अडुसष्ट. दोन्ही चाकं एकाच दिवशी, एकाच कानाने बांधलेली होती.

आणि वहीतली ती ओळ मी खोडली नाही. पाच दिवस, भिंगरी. पेन तिथेच दोरीला बांधलेलं होतं. नवव्या दिवशी तू डावा हात प्लास्टरमध्ये घेऊन आलीस, उजव्या हाताने वही उघडलीस, वाचलंस. मी समोर उभी. तू म्हणालीस, "असं आहे होय." तेव्हा तोंड उघडलं असतं तरी चाललं असतं. मी मूग गिळून उभी राहिले. शटर अर्धं होतं, तू वाकून निघून गेलीस. "मान सांभाळ" एवढंसुद्धा माझ्या तोंडून निघालं नाही.

फोनचं म्हणशील तर, तू फोन करत होतीस तेव्हा पहिल्यांदा लाजेने उचलला नाही. नंतर उचलून उपयोग नव्हता. फोनमधलं मला बोलणं कळत नाही, नुसतं खरखर. तुझा आवाज खरखर होऊन ऐकायची हिंमत नव्हती.

तू आधी घाबरली नव्हतीस. आधी चाक हललं. ते मी बांधलं होतं.

माफ कर असं लिहिणार होते. पण सहा वर्षं तू डोंगर पायी उतरतेयस, ते एका शब्दात कसं बसवू?

ताई

८ एप्रिल

भिंगरी,

या पत्राबरोबर मोठं खोकं येईल. त्यात मागचं चाक आहे आणि मीटर. माझ्या शब्दावर जाऊ नकोस, स्वतः मोज. मीटर स्पोकच्या मधोमध धरायचं, दांडा हळूच सोडायचा, काटा स्थिरावू द्यायचा. टायर मी काढलं नाही, तूच काढ, म्हणजे मी मधे काही केलं नाही याची तुला खात्री पटेल. बांधल्यावर प्रत्येक स्पोकच्या टोकाला मी लावलेला रंगाचा ठिपका तुला दिसेल. चावी फिरवली असती तर तो तुटला असता.

मीटर तुझ्याकडे आहे तोवर मी चाकं बांधणार नाही. पंक्चर काढते, चेन बदलते. पहिलवान चिडलाय, त्याला शर्यत आहे म्हणे. मी म्हटलं, ते मीटर माझ्या बहिणीचं आहे, ती देईल तेव्हा. त्याने विचारलं, कोणती बहीण? सहा वर्षांत मी तुझं नाव काढलं नाही, त्याला तरी कसं ठाऊक असणार.

ठेवून घेतलंस तरी चालेल. तुझंच आहे.

ताई

२६ एप्रिल

भिंगरी,

तुझं पत्र आलं. मी ते इथे परत लिहून काढते, कारण लिहिताना एकेक शब्द हाताखालून जातो.

"मोजलं. चोवीसही स्पोक, दोनदा. ताई, पडले त्याचं मला काही नाही, पडतात माणसं. पण सहा वर्षं मी माझ्याच हातांवर विश्वास ठेवलेला नाही. दूध उतू जात असलं तरी गॅसच्या बटणाला हात लावण्याआधी थांबते, आपलं चुकत तर नाही ना म्हणून. वहीत लिही. मग बघू."

मी दुकान बंद करून खूप रडले. खोटं कशाला बोलू, माझ्यासाठी नाही रडले, त्या दुधासाठी रडले. तुझ्यासारखी मुलगी, जी फाटकातून सायकल वळवताना हात सोडून गाणी म्हणायची, ती बटणापाशी थांबते. हे मी केलं.

लिहिलं. त्याच दिवशी. काय लिहिलं ते शब्दाला शब्द असं:

"पान बावीस. वरची ओळ खोटी आहे. ती दुकानाच्या मालकिणीने लिहिली, आणि खोटी आहे हे कळल्यावरही सहा वर्षं तशीच ठेवली. ही चाकं मी बिघडलेल्या कानाने बांधली. कान बिघडल्याचं मला माहीत होतं. चाकं सरळ होती पण सैल होती. चालवणारी उतारावर घाबरली नाही, तिने करायला हवं तेच केलं. आधी चाक हललं."

वही गल्ल्यावर उघडी ठेवली आहे, याच पानावर. येणारा प्रत्येक जण वाचतो. एका वकिलांनी दिलेलं काम परत नेलं, निघेपर्यंत माझ्या कानांकडे बघत राहिले. शाळेतल्या बाईंनी वाचून चष्मा पुसला आणि म्हणाल्या, माझी चाकं पुन्हा एकदा बघून द्याल का? म्हटलं, ती मीटरवर बांधलेली आहेत, पण मीटर आलं की तुमच्यासमोर मोजते. त्यांचा विश्वास होता तेवढा आता राहिलेला नाही. ते ठीकच आहे.

पहिलवानाने मोठ्याने वाचलं, बोट फिरवत फिरवत. मग माझ्या उजव्या बाजूला उभा राहून काहीतरी पुटपुटला. मी आयुष्यात पहिल्यांदा दुकानात म्हटलं, "अरे, डावीकडून बोल, इकडून ऐकू येत नाही मला." तो एवढा मोठा देह टेबलाला वळसा घालून डावीकडे आला, डब्यांना धक्का लागला, दोन पडले. आणि खाली मान घालून म्हणाला, "ताई, मीही एकशे सात होतो."

हसू आलं मला, काय करू. तूही हसली असतीस.

"मग बघू" हे दोन शब्द तू शेवटी लिहिलेस. मी त्यांच्याकडून फार अपेक्षा करत नाही. पण रोज एकदा बघते.

ताई

१४ मे

भिंगरी,

खोकं आलं. मीटर आलं. आणि मीटरखाली घडी घातलेला आपल्या दुकानाचा कागद, गिऱ्हाइकाने भरायचा तो, बाबांच्या वेळचा. तुझ्याकडे तो होता हेच मला माहीत नव्हतं. जाताना नेला होतास का गं?

वजन: एकोणसाठ. काट्यावर उभं करू नकोस, खरं आहे.
रस्ता कसा: उतार.
काही खास: ताणाचा शेवटचा फेरा मी समोर असताना. रविवारी सकाळी येते.

रस्ता कसा याच्यापुढचा तो एक शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला. सगळी दुनिया तिथे चढ लिहिते. चढासाठी हलकी पाहिजेत, अमुक ग्रॅम पाहिजेत, तमुक पाहिजेत. तू उतार लिहिलंस.

कालपासून बसले आहे. स्पोक पुढच्याला चोवीस घेतले, मागच्याला अठ्ठावीस. मूठभर ग्रॅम वाढले तर वाढले, नाक मुरडलंस तर मुरड. पण चालवून बघ आणि मऊ वाटलं तर तिथल्या तिथे ओरड, मी ऐकेन. रिमच्या आत, पट्टीखाली, जिथे मी नेहमी तारीख टाकते, तिथे या वेळी काही लिहिलेलं नाही. पट्टीही चिकटवलेली नाही. तू बघून मगच चिकटवायची.

चाकं सरळ झाली आहेत. मधोमध बसली आहेत. शेवटचा ताण तेवढा बाकी ठेवला आहे. मीटर टेबलावर आहे, माशाच्या शेजारी. म्हाताऱ्याला पुसून ठेवलंय, कितीतरी वर्षांनी त्याला काम आहे. मीटर जे सांगेल ते सांगेल, पण तू एकदा छेडून ऐकावंस असं मला फार वाटतं. एखादा रडत असला तर नंबर सांग, पूर्वीसारखा. या वेळी चिडणार नाही.

वहीत नवं पान तुझ्यासाठी सोडलं आहे. हजार किलोमीटरचा नियम तुलाही आहे, आधी लिहायचं नाही. त्यातले निदान शंभर उताराचे असू देत. नसले तरी मी विचारणार नाही.

स्टूल रिकामं केलंय, आणि शेजारच्या शिंपीणबाईंकडून आणखी एक मागून आणलंय. एक डावीकडे ठेवलंय, एक उजवीकडे. डावीकडे बसलीस तर तुझं बोलणं मला ऐकू येईल. उजवीकडे बसलीस तर मला जे ऐकू येत नाही ते तू ऐकशील. दिवसभर आहेस तर दोन्हीकडे बस.

आणि हो, शटर बिघडलंय, अर्ध्यावरच अडकतं. आत येताना मान सांभाळ.

ताई